परत येणारं नाणं

बायनाबाईनं मूठ उघडली नाही. नळाखाली तिचा जार भरत होता, मागं रांग उन्हात उभी होती, आणि जालिंदर पाण्याच्या मशीनला पाठ टेकून तिच्यासमोर हात पसरून उभा होता.

“काकू, दाव ना.”

“काय दावू? हात हाय माझा.”

“नाणं टाकलंस, पाणी आलं, आन् खालून ठणकन नाणं भाईर आलं. मी ऐकलं.”

“मशीनला नको असंल. ज्याचं त्याला माघारी देती. तुझ्या चेअरमनपेक्षा इमानदार हाय.”

रांगेत कुणी हसलं नाही. एरवी बायनाबाईनं चेअरमनचं नाव काढलं की निम्मी रांग पदर तोंडाला लावायची. आज सगळ्यांचे डोळे तिच्या मुठीवर होते. जालिंदरच्या मानेवरून घामाची धार उतरली.

बिंदुसरा नदीच्या कोरड्या तळात पोरांनी क्रिकेट सुरू केल्यापासून गावाला पाणी होतं ते या मशीनचं. टँकर टाकीत ओतायचा, मशीन गाळायचं, आणि पाचाचं नाणं टाकलं की वीस लिटर मिळायचं. मशीन पाणीपुरवठा सहकारी संस्थेचं, आणि टाकी धुण्यापासून संध्याकाळी नाण्यांचा डबा उघडण्यापर्यंत ते सांभाळणारा जालिंदर. डब्यातलं प्रत्येक नाणं तो बोटांवर फिरवून पाहायचा. टाकसाळीत चुकलेलं सापडलं तर ते स्वतःच्या चंचीत टाकायचा आणि त्याच्या जागी खिशातलं धडधाकट पाच ठेवायचा. चंचीत आता ठसा दोनदा बसलेलं एक होतं, काठ न आलेलं एक होतं, आणि एक असं होतं की उलटलं की सिंह डोक्यावर उभे राहायचे. गाव त्याला नावं ठेवत नसे. ज्याच्या दावणीला म्हैस नाही त्यानं काहीतरी पाळायलाच हवं, असं गावाचं मत होतं.

पण महिनाभर डब्यातल्या नाण्यांपेक्षा पाणी जास्त जात होतं. चेअरमन बिभीषणरावांनी निरोप धाडला होता, आज मेकॅनिक आणतो. सोबत टेम्पोही आणतो. मशीन बिघडलं असलं तर दुरुस्तीला मांजरसुंब्याला न्यायचं. मांजरसुंब्याला चेअरमनच्या मेव्हण्याचा ढाबा होता. संस्थेची पिठाची गिरणी मागच्या दुष्काळात तिथंच दुरुस्तीला गेली होती. ती दुरुस्त झाली, असं गावानंही ऐकलं होतं. ढाब्यावरच्या भाकरी फार मऊ येतात म्हणे.

“दाव त्याला, बायने,” रांगेतून चतुराबाई म्हणाली. मेंढरांमागं आयुष्य काढलेली म्हातारी, तिच्या पुढं कुणी बोलत नसे. “त्याला कळल्याबिगर ऱ्हात न्हाई.”

मूठ उघडली.

जालिंदरनं नाणं उचललं आणि बोटांवर फिरवलं. ठसा एका अंगाला सरकला होता. पाचाचा आकडा काठाशी कसाबसा अडकला होता, आणि दुसऱ्या कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी. असं नाणं त्यानं फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. तीन वर्षं तो ज्या डब्यात शोधत होता, त्या डब्यात हे कधी पडलंच नव्हतं. मशीन वरच्या अंगाला त्याला पाच समजून पाणी सोडायचं, आणि खाली गेल्यावर विचार बदलून बाहेर फेकायचं.

“कुठं गावलं?”

“भिमाबाईच्या नातीला एसटीत सुट्टे मिळाले, त्यात,” चतुराबाई म्हणाली. “चैतापासनं हाय. टाकायचं, भरायचं, मागच्या बाईच्या हातात द्यायचं. शेवटलीनं रातभर सांभाळायचं आन् सकाळी पयला नंबर धरायचा. ज्याच्याकडं पैसे हायेत ते आपलं टाकत्यात. हे ज्याच्याकडं न्हाईत त्याचं.”

“आन् हरवलं तर?”

“कावून हरवंल?”

जालिंदरनं नाणं पुन्हा उलटून पाहिलं. संस्थेला चेअरमन होता, संचालक होते, गोल शिक्का होता, वर्षातून एकदा भज्यांसकट सभा होती, तरी गिरणी हरवली होती.

“काकू, मला दे हे,” तो बायनाबाईला हळूच म्हणाला. आपला आवाज असा भीक मागितल्यासारखा निघेल, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. “हैदराबादचा एक माणूस माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढे देईल याचे.”

“म्हंजी लई न्हाई,” बायनाबाई म्हणाली.

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला, आणि नाणं जालिंदरच्याच मुठीत राहिलं.

बिभीषणराव खाली उतरले. पांढरी विजार, डोळ्यांवर गॉगल, मागं पान्यांची पिशवी घेतलेला बीडचा मेकॅनिक. टेम्पोत दोरखंड आणि जुनी गादी आधीच अंथरलेली होती.

मेकॅनिकनं खिशातली नाणी टाकून पाहिली. प्रत्येकाला पाणी आलं, एकही नाणं परत आलं नाही.

“ठीक हाय, साहेब.”

“ठीक कसं आसंल बे? पाणी जातंय की. पुन्हा बघ. लाइन चालू करा, माझ्यासमोर.”

बायनाबाईचा जार बाजूला झाला. आता नंबर चतुराबाईचा. तिनं आपली घागर नळाखाली ठेवली आणि मोकळे हात कमरेवर घेऊन उभी राहिली. जालिंदरकडं तिनं पाहिलं नाही. त्याच्या मुठीकडंही नाही. ती दूर, पाली गावाच्या बाजूच्या उघड्या माळाकडं बघत होती, जणू तिची मेंढरं अजून तिथंच चरताहेत.

“कावून थांबली म्हातारी?” चेअरमन म्हणाले.

नाण्याची कोरी कड जालिंदरच्या तळव्यात रुतली. खिसा हातापासून वीतभर अंतरावर होता.

तो वाकला, पायाजवळची माती उगीच चाचपली.

“आजी, तुझं पडलं बघ.”

चतुराबाईनं नाणं घेतलं, फटीत सोडलं. घागरीत धार पडली. आणि मग खालून, ठण्.

त्याच क्षणी सगळी रांग खोकली. बायका खोकल्या, बाप्ये खोकले, कडेवरची लेकरंसुद्धा आयांकडं पाहून खोकली. चतुराबाईनं खोकता खोकता वाकून पदरानं घागर पुसली आणि नाणं पदरात गेलं.

मेकॅनिकनं मान वर केली.

“साहेब, नाणं माघारी आल्यासारखं वाजलं. खोलावं लागंल.”

“म्हंजे बिघाडच!” बिभीषणरावांचा चेहरा फुलला. “मी म्हणतच होतो. टेम्पो मागं घे रे!”

टेम्पो मागं सरकू लागला. रांग एक पाऊल पुढं आली आणि तिथंच थांबली. कुणाला काय करायचं ते माहीत नव्हतं. मेकॅनिकनं पाना काढला.

जालिंदरनं कमरेची चंची ओढून काढली आणि सगळ्यांसमोर खुळखुळवली.

“वाजलं ते हे, साहेब.”

“काय हाय त्यात?”

“डब्यातली नाणी. मी काढतो रोज.” त्याचे कान तापले होते. “मशीनला काय झालेलं न्हाई. जे झालंय ते मला झालंय.”

टेम्पो थांबला. चेअरमननी चंची हिसकून तळहातावर उपडी केली. दोनदा ठसा बसलेलं, काठ नसलेलं, डोक्यावरचे सिंह, सगळी उन्हात चमकली. बिभीषणरावांनी एकही उलटून पाहिलं नाही.

“संस्थेचा पैसा हाय हा! गरिबाच्या पाण्याचा!” ते रांगेकडं तोंड करून म्हणाले, कारण रांगेत मतं होती. “संस्थेचा पैसा संस्थेत गेला पाहिजे!”

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक नाणं मशीनच्या फटीत टाकायला सुरुवात केली.

पाणी आलं. बायनाबाईनं चपळाईनं मोकळी कळशी सरकवली. दुसरं नाणं पडलं, छबुबाईनं हंडा लावला. चेअरमन रागानं टाकत होते आणि रांग शांतपणे भरत होती. काठ नसलेलं गेलं तेव्हा जालिंदरनं मान वळवली. एकही नाणं परत आलं नाही.

“मशीन एकदम ओके, साहेब,” मेकॅनिक म्हणाला आणि पाना पिशवीत टाकला.

बिभीषणरावांनी टेम्पोकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं, मग गॉगल काढून जालिंदरकडं पाहिलं. सगळ्या रांगेसमोर चोर सापडला होता. आता बिघाड शोधायला जागा उरली नव्हती.

“किल्ल्या दे बे. उद्यापासून इकडं दिसू नकोस.”

जालिंदरनं किल्ल्या दिल्या. गादी आणि दोरखंड घेऊन टेम्पो मोकळाच परत गेला.

रांग पुन्हा सरकू लागली. तो घरी गेला, जार घेऊन आला आणि रांगेत उभा राहिला. मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो पुढं जा म्हणत होता. ऊन उतरलं. सगळ्यांत शेवटी छबुबाईनं दुसऱ्या खेपेचं भरलं आणि मागं न बघता हात मागं केला. नाणं तिच्या घामानं ओलं होतं.

त्यानं ते टाकलं. पाणी आलं. ठण्. त्यानं नाणं उचललं आणि द्यायला वळला.

मागं कुणीच नव्हतं.

चतुराबाई दुसरी खेप नेऊन रिकामी परत चालली होती. थांबली नाही.

“सकाळी लाइट सहालाच येती,” ती जाता जाता म्हणाली. “झोपून ऱ्हाऊ नगंस.”

जार उचलायला दोन्ही हात लागत होते, म्हणून त्यानं नाणं तोंडात धरलं. रस्त्याला लागला तोच बीडची जीप शेजारी थांबली.

“काय, जालिंदर, मोकळा झालास म्हणं!” ड्रायव्हरनं दार ढकललं. “येतो का बीडला? जागा हाय.” हैदराबादची गाडी बीडहूनच सुटायची.

नाण्याची कोरी कड त्याच्या जिभेखाली गुळगुळीत लागत होती. जार खांद्यावर डचमळला. तोंड बंद असल्यामुळं त्याला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना.

ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट पाहिली, मग दार ओढून गिअर टाकला.