हौदाचा पंप

“बाबा, पाऊल टाकून तर बघा. घोट्याएवढंच आहे पाणी!”

“घोट्याएवढ्या पाण्यातही माणूस मरतो. तोंडावर पडला की झालं.”

“तोंडावर कशाला पडाल? मी आहे ना शेजारी.”

“तू आहेस म्हणून तर इथवर आलोय,” बाबा म्हणाले. हौदाच्या वरच्या पायरीवरून त्यांनी डावा पाय पुढे केला, अंगठा पाण्याला लावला आणि विंचू चावल्यासारखा मागे घेतला. बाकावर उभी राहून बघणारी त्यांची चार वर्षांची नात खिदळली. “आई, आजोबा घाबरले!”

“घाबरतोय कोण? पाणी तपासत होतो,” बाबा म्हणाले.

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून तो हौद होता, बाप्तिस्म्याचा; येशूला स्वीकारणाऱ्याला त्यात पूर्ण बुडवून बाहेर काढत. सकाळचे नऊ वाजले होते. शेजारच्या छोट्या खोलीत पंप चालू होता, जमिनीखालच्या टाकीतून पाणी ओढून हौदात टाकत होता. दहाला उपासना होती. त्या आवाजावर बाबांची लेक एक कान ठेवून होती आणि दुसरा बाबांवर. आनंद तर असा उतू जात होता की झाकण शोधूनही सापडलं नसतं.

लोक तिला पंपवाली म्हणत. तिच्याआधी बाबा होते पंपवाले. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरांत पाणी चढवलं, पण स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरले नाहीत. तरुणपणी एका विहिरीत काम करताना शिडी सटकली होती. बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. त्यानंतर नदी दिसली तरी ते वाट बदलायचे.

या चर्चचा पंपही त्यांनीच बसवलेला. सव्वीस वर्षं तो त्यांनी फुकट सांभाळला. पंपाच्या खोलीपर्यंत यायचे, काम करायचे, हात पुसायचे आणि चालते व्हायचे. आत येऊन बसा म्हटलं की ठरलेलं उत्तर: “जे मला खोलून बघता येत नाही, त्याची मी हमी देत नाही.” तिची आई दर रविवारी आत एकटी बसली आणि तशीच एक दिवस गेली. मग आईची जागा हिने घेतली. पंधरा वर्षं रोज पहाटे शेगडी पेटवताना ती एकच मागणं मागायची. बाबांना मात्र कधी ‘चला’ म्हणाली नाही. बाबांना ढकललं की ते दोन पावलं मागे जातात, हे तिला माहीत होतं.

आणि या मंगळवारी, चहात पाव बुडवता बुडवता बाबांनी विचारलं होतं, “रविवारी हौद भरणार आहेस ना?”

“हो. दोघांचा बाप्तिस्मा आहे.”

“तिघांसाठी भर.”

“दोघं काय, तिघं काय, पाणी तेवढंच लागतं,” ती सवयीने बोलून गेली. मग तिच्या हातातला चमचा खाली पडला.

“पण तू पाण्यात माझा हात धरून उभी राहायचं,” बाबा पावाकडे बघत म्हणाले. “आणि होईल ते याच रविवारी. पुढच्या रविवारपर्यंत माझी अक्कल ठिकाणावर येईल.”

तेव्हापासून तिच्या अंगात वारं भरलं होतं. शुक्रवार आणि शनिवार दोन्ही दिवस तिने हौदाला वाहिले. कोपरे ब्रशने घासले, पायऱ्यांवरचं शेवाळ चमच्याने खरवडलं, बाबांचा पाय घसरू नये म्हणून प्रत्येक पायरीवर रबराची पट्टी चिकटवली. नवरा म्हणाला, “अगं, त्यांना बुडवायचंय की नांदायला पाठवायचंय?” तो शाळेची बस चालवायचा, त्यामुळे त्याची थट्टासुद्धा शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायची.

फोन वाजला तेव्हा पाणी घोट्यावर चढत होतं.

“ताई, मी डायलिसिसची सिस्टर बोलतेय. खालची मोटर बंद पडलीय. जळका वास येतोय.”

“घाबरू नका सिस्टर, जोडीची दुसरी मोटर आहे ना, ती...” आणि एकदम तिला आठवलं.

जोडीची मोटर तिच्याच दुकानात, टेबलावर, पोट उघडून पडली होती. शुक्रवारी देते म्हणाली होती. तारा भरून झाल्या होत्या, वरचं वार्निश ओलं होतं, वाळायला उद्याची सकाळ उजाडली असती. दोन दिवस ती इथे पायऱ्या खरवडत बसली होती.

“ताई, ऐकताय ना? नऊ जण मशीनवर आहेत. वरच्या टाकीत जेमतेम तासाभराचं पाणी आहे. ते संपलं की सगळ्यांना अर्ध्यातूनच उठवावं लागेल. एका आजींचा तर मागचा वारही चुकलाय. पाय बघाल त्यांचे, बोट दाबलं की खड्डा पडतोय.”

रविवारी दुकानं बंद. तेवढ्याच ताकदीची, तेवढ्याच तोंडाची मोटर आज कुठे मिळणार? तिची नजर पंपाच्या खोलीकडे गेली. इथला आणि हॉस्पिटलचा, दोन्ही पंप तिने एकाच दिवशी बदलले होते. जुळ्या बहिणी.

बाबाही तिकडेच बघत होते.

“नाही,” ते म्हणाले. ती अजून काही बोललीच नव्हती. “पोरी, नाही. आधी हौद भरू दे, मग ने.”

“कमरेएवढं भरायला अजून तास लागेल बाबा. खोलायला वीस मिनिटं, न्यायला दहा, बसवायला वीस. तिकडे तासाभराचंच पाणी आहे.”

“दुसऱ्या कुणाला बोलवू दे त्यांना!”

“मोटर माझ्याकडे पडलीय. माझ्या हातून राहिलीय.”

बाबा तटकन उभे राहिले. “तुझ्या आईने जन्म घालवला माझ्या मागे. आता कुठे मी तयार झालो, तर तुझा देवच पंप काढून नेतो! बरा आहे की हिशेब!”

मनात तीही तेच म्हणत होती. प्रभू, पंधरा वर्षं एकच मागितलं. आजचा एक तास दे. फक्त एक तास. पुढे जन्मभर बोलाव, कधीही बोलाव, मी येईन. उत्तर काही आलं नाही. पण तिचा हात आधीच स्विचकडे गेला होता. आणि पंधरा वर्षांत ती एवढं शिकली होती, की हात आधी गेला तर मागून वाद घालण्यात अर्थ नसतो.

पंप थांबला. त्या शांततेत हौदातलं पाणी दोनदा हललं आणि निपचित पडलं.

ती पाना घेऊन गुडघ्यांवर बसली. नवी पांढरी सलवार पहिल्याच मिनिटाला काळी झाली. बाबा पाठ करून बाकावर बसले होते. मदतीला येईनात. पण तिसऱ्या नटाशी तिची झटापट चालू झाली तशी पाठीमागूनच आवाज आला, “गंजलाय तो. ओढू नकोस, आधी ठोक.”

ती भिजल्या डोळ्यांनी हसली आणि ठोकला.

चर्चचे पाळक आले तेव्हा पंप जमिनीवर होता. तिने एका दमात सगळं सांगितलं. पाळकांनी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि पंपाची दुसरी बाजू उचलली. “कुठे ठेवायचा, स्कूटरवर? चल.”

“पण बाबा... आज नाही झालं तर मग कधीच...”

“तू नऊ जणांचं बघ. बाबांची काळजी प्रभूला तुझ्याआधीपासून आहे.”

ती धावत आत परतली, बाबांसमोर वाकली. “माफ करा बाबा.”

“जा. चिडलेलो नाहीये मी,” बाबा चिडून म्हणाले. “माझं राहू दे आता.”

“आजोबा, मग तुम्ही बुडणार नाही?” नातीने विचारलं.

“नाही बाळा. आज नाही.”

हे शब्द तिच्या पाठीत रुतले आणि हॉस्पिटलपर्यंत तिथेच राहिले. पायांमध्ये पंप, डोक्यात मिनिटं. फोन चर्चमध्येच राहिल्याचं अर्ध्या वाटेवर लक्षात आलं. राहू दे, म्हणाली, आणि स्कूटर आणखी पळवली.

सिस्टर फाटकातच उभ्या होत्या. “अहो, हे काय, पांढरे कपडे? लग्नाला निघाला होतात का?”

“त्याहून मोठं होतं. पकडा ही बाजू!”

तळघरातल्या पंपाच्या खोलीत जळक्या तारांचा वास कोंडला होता. जुनी मोटर बाहेर, चर्चचा पंप आत. चार बोल्ट, दोन जोड, तीन वायरी. हात असे चालत होते की तिचं तिलाच नवल वाटत होतं. सिस्टर जिन्यातून वर-खाली करत ओरडत होत्या. “वीस मिनिटं राहिलीत ताई!”

बटण दाबलं. पंप गरजला. दाबाचा काटा मात्र शून्यावर.

“काय झालं?”

“हवा धरलीय.”

तिने पंपाचं वरचं बूच काढलं, मगाने पाणी ओतून पोट भरलं, बूच लावलं, पुन्हा बटण. काटा शून्यावर. पुन्हा ओतलं. पुन्हा शून्य.

“बारा मिनिटं!”

ती पाण्याने भरलेला मग घेऊन तशीच उभी राहिली. प्रभू, ती मोठ्यानेच म्हणाली, बाबांचं काय करायचं ते तू कर. आज कर, दहा वर्षांनी कर, मी बघायला असो की नसो. हे पाणी तेवढं वर चढव. बोलून झालं आणि तिलाच हलकं वाटलं, जड पेटी एका हातातून दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्यासारखं. डोकं जागेवर आलं. डोकं जागेवर आलं तसं दिसलंही: खालच्या जोडाला तिने टेपच गुंडाळला नव्हता! शिकाऊ पोरसुद्धा ही चूक करणार नाही. तिथूनच हवा शिरत होती.

जोड खोलला, टेप गुंडाळला, आवळला, पाणी ओतलं, बटण.

काटा थरथरला. मग उठला. तिने दोन्ही तळवे पाइपावर ठेवले. आधी नुसती धडधड लागली, मग आवाज भरीव झाला, पोकळ मडकं भरत आल्यावर बदलतो तसा.

“आलं!” ती ओरडली.

“आलं!” वरून सिस्टर ओरडल्या. “ताई, आलं हो, आलं!”

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. दाराच्या काचेतून नऊ पलंग दिसले. कुणी वर्तमानपत्र वाचत होतं, कुणी छताकडे बघत होतं. सुजलेल्या पायांच्या आजी तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. कुणाला काही कळलंच नव्हतं. किती छान, तिला वाटलं. किती छान, यांना काहीच कळलं नाही! सिस्टरांनी तिला मिठी मारली आणि दोघींचे कपडे काळे झाले.

मग ती खाली आली. पंपाची जागा बदलली की तासभर त्याच्याजवळ बसायचं, हा बाबांचा नियम. ती एका उपड्या डब्यावर बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी झाले. उपासना संपत आली असेल. बाबा घरी गेले असतील, वर्तमानपत्र उघडून बसले असतील. अक्कल ठिकाणावर आली असेल. ती थोडी रडली, मग गाऊ लागली. रविवारचंच गाणं, पंपाच्या सुरात. तिथे कुणी ऐकणार नव्हतं, म्हणून अगदी मोकळ्या गळ्याने.

दुसऱ्या कडव्याला तिचं लक्ष फरशीवर गेलं. पाण्याचा ओघळ.

गाणं तिथेच थांबलं. गळती! ती खाली वाकली, वरचा जोड चाचपला: कोरडा. खालचा जोड: कोरडा. बूच, झडप, पाइपाचं वळण, सगळं कोरडं ठणठणीत. मग हे पाणी कुठून येतंय? ओघळाच्या मागे मागे ती हात टेकत दारापर्यंत गेली, आणि समोर दोन पाय दिसले. पायांखाली थारोळं साचलेलं.

“जोड बरे आहेत तुझे,” बाबा म्हणाले. “मीच गळतोय.”

डोक्यापासून पायापर्यंत ते निथळत होते. खांद्यावर टॉवेल होता, तोही चिंब. मागे नवरा मुलीला कडेवर घेऊन उभा, तळहात लालबुंद.

“बाबा...? पण पाणी... पंप तर इथे...”

“दोनशे बादल्या!” नवऱ्याचा आवाज तळघरात घुमला. “टाकीपासून हौदापर्यंत अख्खी मंडळी रांगेत! पाळक कोट काढून, म्हाताऱ्या बायका पदर खोचून! आणि पहिली बादली कुणी उचलली असेल? विचार यांना.”

“पंप गेल्यावर पाणी चढवायचं कुणी?” बाबा म्हणाले. “धंदा आहे माझा.”

“आई, आजोबा पूर्ण बुडले! केससुद्धा!” मुलगी म्हणाली.

ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. “आणि हात? तुमचा हात कुणी धरला?”

बाबा पंपाकडे बघत राहिले.

“कुणी नाही,” ते म्हणाले. “नवे कपडे घालून एवढी नाचत होतीस, आणि मला तिथे टाकून नऊ परक्या माणसांकडे पळालीस. मी म्हटलं, पोरगी ज्याच्या एका शब्दावर बापाला सोडून जाते, तो असेलच इथे कुठेतरी. मग उतरलो.”

ते तिच्याजवळ फरशीवर बसले. नवरा मुलीला घेऊन जिन्यात थांबला. पंप चालत होता. दोघंही, जन्मभराच्या सवयीने, मान किंचित तिरकी करून त्याच्याकडे कान देऊन होते.

थोड्या वेळाने तिने बाबांच्या सदऱ्याची बाही हातात घेतली, टोक हलकेच पिळलं. पाणी तिच्या तळव्यावर उतरलं. तिने मूठ मिटली आणि तशीच बसून राहिली.