पाव्हन्याला बसायला नेलेलं घोंगडं

मित्रांनो, मी एक जुनं घोंगडं हाय. नाक दाबू नगा, जवळ या. ह्यो मेंढराचा वास हाय, धुऊन जायाचा न्हाई.

हिर्डोशीच्या वरल्या अंगाला धनगरांची वस्ती हाय. तिथल्या चिमाजीनं मेंढरं कातरली, त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, लोकर कातली आन गेनबा सनगरानं मागावर मला विणलं. पावसात मी चिमाजीच्या डोक्यावरची खोळ झालो. थंडीत त्याच्यासंगं वाघरीपाशी, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, राखनीला पडलो. आन पाव्हना आला की सोजराबाई मला झटकून अंथरायची. चपला बाहीर काढून पाव्हना माझ्यावर टेकला, की मगच त्यो घरात आला असं आमच्यात धरत्यात.

मग घरात गाद्या आल्या, रंगीत रग आले. मला कोन इचारतो? चिमाजी तेवढा मला सोडंना.

वस्तीवर टीव्ही बी आला. त्यातल्या एका मालिकेत प्रद्युम्न नावाचा नट तलाठी झालेला. लोकांची कामं करतो आन चहासुदीक घेत न्हाई. सोजराबाई म्हनायची, असला तलाठी टीव्हीतच घावायचा. पर जीव लई त्याच्यावर. त्यो दिसला की हातातलं काम ठेवायची.

त्यो भोरला चाहत्यांच्या मेळाव्यात बोलायला येनार, हे सुनेनं, मोहिनीनं, मोबाईलवर बघितलं. तवा सोजराबाईनं मला झटकून घडी घातली. म्हनली, "रोज घरात येतोय, पर एकदा बी बसला न्हाई. म्या त्याला बसवनार."

चिमाजीला खोकला धरलेला आन वरलं वारं हाडात शिरत व्हतं. त्यो म्हनला, "बसव की. पर सांजच्याला घोंगडं माघारी आन. मला वाघरीवर जायाचंय. का तुज्या नटाचा फोटू पांघरू?"

सोजराबाई आन मोहिनी मला घेऊन भोरला आल्या, तर मेळाव्याच्या कार्यालयाच्या दारात ही गर्दी. दारावरचा गडी मला आत सोडंना, गाठोडं बाहीर ठेवा म्हनला. सोजराबाईनं मला छातीशी असं आवळलं की तिच्या काळजाची धडधड मला आयकू आली. तेवढ्यात मेळावा भरवनाऱ्या सुलूताईंची नजर पडली. त्या म्हनल्या, अवो आजींनी सरांसाठी भेट आनलीय, सोडा त्यांना. आन माझी घडी तिच्या हातातून त्यांनी उचललीच.

इथंच घोटाळा झाला, मित्रांनो. शेरगावात मान करायचा तर शाल खांद्यावर घालत्यात. आमच्यात मान करायचा तर घोंगडं खाली घालत्यात. सुलूताईंनी मला नेलं आन त्या उंचपुऱ्या प्रद्युम्नच्या खांद्यावर टाकलं. टाळ्या पडल्या. फोटू निघालं. माईकवर सांगितलं, धनगर आजींची सरांना मायेची भेट.

सोजराबाईचा चेहरा मला वरनं दिसत व्हता. पार उतरलेला. प्रद्युम्न बोलत व्हता, लोक हसत व्हते, तिला काय बी आयकू जात नव्हतं. तिची नजर माझ्यावर. माझ्या मनात चिमाजीचा खोकला. दाराबाहीर गाडी उभी व्हती. मेळावा सपला की मी त्या गाडीत जानार, मग कुठली वस्ती आन कुठली वाघर.

तिनं उठायला गुडघ्यावर हात टेकला. मोहिनीनं पदर धरला. "आत्या, मागू नगा. दिल्यालं परत घेती म्हनत्याल. लोक हसत्याल."

"मी दिलंच न्हाई," सोजराबाई म्हनली. पर बसली. मग परत उठली.

लोकांना प्रश्न इचारायला माईक फिरत व्हता. तिनं त्यो हातात घेतला. "तलाठी सायेब, त्ये घोंगडं तुमाला दिल्यालं न्हाई. तुमी त्यावर बसावं म्हनून आनलं व्हतं. आमच्या मालकाला आज वाघरीवर पांघराया लागतंय. बसा, आन मग मला द्या."

मागं कोनतरी फिसकन हसलं. सुलूताई लगबगीनं आल्या, आजी, आमी नवीन घेऊन देऊ म्हनाया लागल्या. प्रद्युम्ननं माझी कडा मुठीत धरली. देतो का न्हाई, मला कळंना.

मग त्यानं मला खांद्यावरनं उतरवलं. खाली वाकून अंथराया लागला, त्ये बी उलटं. सोजराबाई चालत म्होरं गेली आन माझी बाजू नीट करून दिली. त्यानं बूट काढले. मांडी काय जमंना, एक पाय लांब करून टेकला.

"आजी, आता आलो का मी तुमच्या घरी?" त्यानं हळूच इचारलं.

"आता आलास," ती म्हनली. घाईत अवो-जावो इसरली. "चहा तर घेत न्हाईस, ठावं हाय मला."

त्यो लई हसला. राहिल्याल्या प्रश्नांची उत्तरं त्यानं माझ्यावर बसूनच दिली.

येष्टी उशिरानं आली. वस्ती चढूस्तवर दिवस कलला. चिमाजी वाघरीपाशी काठी टेकून वाट बघत उभा व्हता. त्यानं एवढंच इचारलं, बसला का. सोजराबाई म्हनली, बसला. मग तिनं मला त्याच्या अंगावर टाकलं आन कडा गळ्यापाशी खोचून दिल्या.

मित्रांनो, आमाला जपा म्हंजी पेटीत घालून ठिवा असं न्हाई. वापरा, झिजवा. पर कुनी हातात काय घेऊन दारात आलं, तर घ्यायच्या आधी इचारा, कशाला आनलंय. घरी कुनी त्याच्यावाचून कुडकुडत बसलेलं आसल.