पांढऱ्या कापडाची परीक्षा

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. पण जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. माझं उत्तम चाललं आहे. संध्याकाळी धक्क्याला बोट लागली की माणसं आधी माझ्याकडे वळतात आणि मग घराकडे. हे मी रोज बघते, ऐकीव सांगत नाही.

माझं पोट गोल आहे, वर झाकण आहे, आत भाजायची लोखंडी जाळी आणि खाली घडीचे चार पाय. पाय दुमडले की कडीला धरून मला कुठेही नेता येतं. दुकानात मला ग्रिल म्हणत, घरी मात्र सगळे शेगडीच म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. कारखान्यात एका सपाट चकतीवर मोठा दाब पडला आणि मला पोट आलं. मग लाल रंग चढला. शेवटी तळाला तीन भोकं पाडली, झाकणाला एक पाडलं आणि प्रत्येकावर फिरती चकती बसवली. चकती फिरवून हवा कमी-जास्त करायची, अशी ती सोय. ही भोकं तेवढी लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यावरूनच झाला.

माझे पहिले मालक मोठ्या घरातले होते. सुट्टी आली की मला गाडीत घालून नदीकाठी नेत. घरातले काका एप्रन बांधून माझ्यापुढे उभे राहत आणि भाजलेलं सगळं आपल्यालाच जमलं असं पाहुण्यांना सांगत. पाहुणे माझंही कौतुक करत. पण मित्रांनो, ते कौतुक पोट भरेपर्यंतच टिकायचं. मी गार झाले की राखेसकट झाकण घालून मला गॅरेजमध्ये ढकलून देत. राख दिसायला गरीब, पण ओल धरली की पत्रा खाते. माझ्या चकत्या गंजून गळून पडल्या, जाळी लाल झाली, एक पाय मोडला. पुढे माझ्यात माती भरून कुणीतरी रोप लावलं. तेही मेलं आणि त्याचा ठपकाही माझ्यावरच आला.

तिथून माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. माझ्या एका बाजूला दार नसलेला फ्रीज आणि दुसऱ्या बाजूला पोपट उडून गेलेला पिंजरा. येणारा-जाणारा बोटाने माझ्यावर टकटक करायचा, नाक मुरडायचा आणि पुढे जायचा. मला फार वाईट वाटायचं. आपण संपलो, असं मी मनाशी धरून चालले होते.

एके दिवशी दोन बायका आल्या. एक होत्या वहिनी. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांचा सगळा जन्म गेला होता. ते वसतिगृह बंद पडलं आणि त्यांचे हात रिकामे झाले. दुसरी त्यांची धाकटी नणंद. ती पाण्याच्या पत्र्याच्या टाक्या दुरुस्त करायची, म्हणून वहिनी तिला लाडाने टाकीबाई म्हणायच्या. वहिनींचे यजमान लांब पल्ल्याच्या गाड्या चालवत आणि घरी पाहुण्यासारखे येत. त्यामुळे घर म्हणजे या दोघीच, आणि त्यांचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

टाकीबाईंनी मला उलटं केलं, तळाला कान लावला, नखाने गंज खरवडला आणि म्हणाल्या, "वहिनी, पत्रा अजून जिवंत आहे." मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं.

आता माझी गरज त्यांना का पडली ते सांगते. नदीवरच्या धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्यांना खायला काहीच मिळत नसे. तिथे गरम काही भाजून विकावं, असं वहिनींच्या मनात होतं. ते जमलं नसतं तर त्यांना घर सोडून लांबच्या गावी बिस्किटांच्या कारखान्यात खोकी भरायला जावं लागणार होतं. तिथून बोलावणं येऊन पडलेलंच होतं. वहिनी वरून हसत, पण भाजी चिरता चिरता मध्येच थांबत. टाकीबाई ते बघत आणि दुसऱ्या खोलीत जात.

अडचण एकच होती. धक्का लाकडी फळ्यांचा, आणि त्याची देखभाल करणारे साहेब प्रत्येक फळीला पोटच्या पोरासारखं जपणारे. सगळे त्यांना फळीसाहेब म्हणत. धक्क्यावर कुणी काडी पेटवली तरी ते लांबून धावत येत. वहिनी त्यांच्याकडे तीन-चारदा जाऊन आल्या, तेव्हा त्यांनी अट घातली. एक दिवस शेगडीखाली पांढरं कापड अंथरायचं. पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत त्यावर राखेचा एक कण किंवा ठिणगीचा एक डाग पडला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कापड त्यांचं स्वतःचं असणार होतं, कारण दुसऱ्याच्या पांढऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

टाकीबाईंनी कंबर कसली. तारेच्या ब्रशने मला घासलं. मोडक्या पायाच्या जागी जुन्या घडीच्या खुर्चीचा पाय बसवला आणि तो निसटू नये म्हणून खिळीने अडकवला. कडीला मोडक्या लाटण्याची लाकडी मूठ लावली. मग त्यांची नजर माझ्या भोकांवर गेली. चकत्या केव्हाच पडल्या होत्या, कडा गंजल्या होत्या. ज्या बाईचा सगळा दिवस भोकं बुजवण्यात जायचा, तिला ती आणखी काय वाटणार? त्यांनी चारही भोकांवर पत्र्याचे तुकडे झाळून पक्के चिकटवून टाकले, वर चंदेरी रंग दिला, आतसुद्धा. एवढ्यावर थांबतील तर त्या टाकीबाई कसल्या? त्यांनी माझं पोट पाण्याने काठोकाठ भरून मला सबंध दिवस अंगणात ठेवलं. मी ओरडून सांगणार होते, पण शेगडीला तोंड असलं तरी वाचा नसते.

संध्याकाळी त्यांनी माझ्या तळावरून हात फिरवला. तळ कोरडा ठणठणीत होता. त्यांचा चेहरा असा फुलला की मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कोळसा भरला आणि चिपाट्या पेटवल्या. चिपाट्या जळाल्या, कोळसा जरासा लाल झाला, धुमसला आणि काळा पडला. पुन्हा पेटवला, पुन्हा तेच. झाकण घातलं की उरलासुरला विस्तवही जाई. वर रंग जळल्याचा असा वास सुटला की शेजारच्यांनी धडाधड खिडक्या लावल्या. वहिनी आधी कोळशाला ओला म्हणाल्या, मग वाऱ्याला दोष दिला आणि शेवटी पायरीवर बसून राहिल्या. "जाते मी कारखान्यात," त्या हळूच म्हणाल्या. "खोकी भरायला काय, कुणालाही जमतं."

 टाकीबाईंनी पुठ्ठा घेतला आणि त्या मला वारा घालायला लागल्या. वारा घातला की कोळसा लाल, हात थांबला की काळा. वहिनी बघत होत्या. स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई ती, उठून जवळ आल्या आणि माझ्या तळाखाली हात घालून चाचपू लागल्या.

"अगं, हिला श्वास कुठून घ्यायचा?" त्या म्हणाल्या.

टाकीबाईंनी तळाकडे पाहिलं, आपण घातलेल्या सुरेख ठिगळांकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसल्या. मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. टाकीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "शेगडीची टाकी केली की गं मी." मला मात्र त्या हसण्याने धीर आला.

सोपं होतं, तळाला पुन्हा भोकं पाडायची. वहिनींनी तसं सुचवलंही. पण टाकीबाई गिरमिट हातात घेऊन थबकल्या. तळाला भोक म्हणजे राख खाली, आणि राख खाली म्हणजे साहेबांच्या कापडावर. त्या सबंध दुपार माझ्याभोवती फिरत राहिल्या. शेवटी त्यांनी तळ तसाच बंद ठेवला आणि हवेसाठी माझ्या कुशींना खालच्या अंगाला भोकं पाडली. प्रत्येकावर सरकती झडप बसवली, म्हणजे वाऱ्याच्या बाजूची झडप लावायची आणि आडोशाची उघडायची. कोळशासाठी आत वेगळी जाळी ठेवली, भोकांच्या थोडी वर, म्हणजे राख त्या जाळीतून तळाशी पडून तिथेच राहील. झाकणाचं भोक मोकळं केलं. आतला चंदेरी रंग खरवडून काढताना दोघींच्या नाकी नऊ आले. वरून वाऱ्याला अडवायला पत्र्याची भिंत उभी केली.

आणि सगळ्यात शेवटी, पाण्याच्या टाकीचा जुना पत्रा वाकवून त्यांनी माझ्या पोटाहून रुंद अशी एक पसरट ताटली केली, माझ्या पायांच्या मध्ये टांगली आणि पाण्याने भरली. चुकून ठिणगी उडालीच तर पाण्यात विझेल, आणि फळीला धगही लागणार नाही. ताटलीतून पाणी गळेल का, हे विचारायची सोयच नव्हती. विचारलं असतं तर टाकीबाईंनी बोलणं टाकलं असतं.

वहिनींनी माझ्या जाळीची निगा आपल्याकडे घेतली. जाळी तापली की अर्धा कांदा काट्याला टोचून तिच्यावर घासायचा, मग तेलाचं बोट फिरवायचं. दोन-चार वेळा हे झालं आणि माझी जाळी काळीभोर, गुळगुळीत झाली. त्या लाल रंगाच्या दिवसांतही मी इतकी देखणी नव्हते.

परीक्षेच्या दिवशी फळीसाहेबांनी स्वतःच्या हाताने कापड अंथरलं. घडीची सुरकुतीसुद्धा ताणून सरळ केली. मग बाकावर बसले आणि माझ्यावर डोळा ठेवून राहिले. मला घाम फुटला असता, पण मी शेगडी. पहिली बोट लागली. वहिनींनी कणसं ठेवली, मासे ठेवले, बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. धूर सरळ वर गेला आणि वास मात्र सगळ्या धक्क्यावर फिरला. बोटीतून उतरणारी माणसं धक्क्याच्या जिन्यातच थबकली.

दुपारी नदीवरून वारा सुटला. टाकीबाई झडपा सरकवत माझ्याभोवती फिरत होत्या, एक लाव, एक उघड. तेवढ्यात घाईत उतरणाऱ्या एकाच्या पेटीचा मला जोरात धक्का बसला. मी डुगडुगले. खुर्चीचा पाय करकरला, पण खिळीने धरला. आतला एक पेटता कोळसा मात्र काठावरून बाहेर उडाला. वहिनींचा हात हवेतच राहिला. चुर्र असा आवाज झाला, ताटलीतून वाफेची बारीक रेघ निघाली आणि संपलं. फळीसाहेब बाकावरून अर्धे उठले होते, ते परत बसले. थोड्या वेळाने त्यांनी एक कणीस मागवलं, लोणी जरा सढळ हाताने लावायला सांगितलं आणि अगदी जवळ येऊन, वाकून माझ्या खाली बघत बघत ते खाल्लं.

शेवटची बोट गेली. ऊन अजून फळ्यांवर होतं. मला बाजूला उचललं आणि फळीसाहेब गुडघ्यांवर बसले. त्यांनी कापडावरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच त्यांचा हात थांबला.

"डाग आहे," ते म्हणाले.

वहिनींनी टाकीबाईंचा दंड घट्ट धरला. बोटीचे खलाशी, तिकीटवाली बाई, उभी होती ती सगळी माणसं पुढे सरकली. फळीसाहेबांनी कापड उचलून डोळ्यांजवळ नेलं. डाग काळा नव्हता, पिवळट होता. त्यांनी तो हुंगला. मग आपली बोटं हुंगली. त्यांनी मान खाली घातली.

"हा डाग माझा आहे," ते शेवटी म्हणाले. "लोण्याचा. उद्या पहिल्या बोटीला या."

मित्रांनो, त्यानंतर धक्क्यावर जो हशा आणि टाळ्यांचा कडकडाट झाला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. वहिनी रडत होत्या आणि टाकीबाई त्यांना रडतात म्हणून रागावत होत्या, स्वतः नाक ओढत. कारखान्याला नकार दुसऱ्याच दिवशी गेला. आज धक्क्यावर माझ्याशिवाय पान हलत नाही, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही. मी ते कमावलं आहे.

माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर गार झाल्यावर तिच्या पोटातली राख काढा, तिला कोरडी पुसा, जाळीला तेलाचं बोट लावा. आणि एखादी जुनी वस्तू चालेनाशी झाली तर ती संपली असं म्हणण्याआधी तिचा श्वास कुठे कोंडला आहे ते जरा वाकून बघा. ठिगळ आपणच तर घातलं नाही ना, तेही बघा.

ते पांढरं कापड फळीसाहेबांनी वहिनींना देऊन टाकलं. रोज संध्याकाळी मला घासूनपुसून झालं की माझ्यावर तेच पांघरतात. लोण्याचा डाग धुऊन निघाला नाही, आणि वहिनींनी तो काढायचा फारसा प्रयत्नही केलेला नाही. फळीसाहेब अजूनही रोज येतात, कणीस घेतात आणि खाता खाता वाकून माझ्या खाली बघतात. बघू देत बापडे. खाली काहीच नसतं.