दीड वाजताची डबी

मी स्वतःला फार शहाणा समजायचो, ते आधी कबूल करतो. हिंगण्याच्या कारखान्यात मशिनींचे सेन्सर सांभाळतो. बायको, मिनल, दुपारी ड्युटीवर जाताना हॉलचा एसी बंद करायला विसरते म्हणून मी एक डबी बनवली. रोज दीडला ती डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकून एसीला 'बंद' सांगायची. रिमोटचे कोड उलगडायला मला दोन रविवार लागले होते. जो येईल त्याला मी डबी दाखवायचो.

त्याच सुमारास आईच्या खोलीतला एसी दुपारी बंद पडायला लागला. आईला अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली, बाहेर शेहेचाळीसचं ऊन. मी संध्याकाळी यायचो तेव्हा ती घामाने भिजलेली असायची. दिवसभर तिच्याजवळ तिला सांभाळायला ठेवलेली अंजनाबाई. दुसऱ्याच दिवसापासून मी रिमोट कपाटात कुलपात ठेवायला लागलो. तरीही एसी बंदच.

"थंडी वाजते म्हणून बोर्डावरून बंद करतेस ना?" शेजारच्या शोभाताईंसमोर मी अंजनाबाईवर ओरडलो.

"मी हात नाही लावला जी भाऊ."

"मग भुताने लावला?"

आई डावा हात मागेपुढे हलवत राहिली. मी तिकडे पाहिलंही नाही. अंजनाबाईला त्याच दिवशी काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दीडला आईचं ताट घेऊन तिच्या खोलीचं दार उघडलं आणि हॉलमधला एसी 'टिक्' वाजला. लगेच आईच्या खोलीतलाही वाजला आणि बंद झाला. एकाच कंपनीचे दोन्ही एसी, कोड एकच. दार उघडलं की डबीचा प्रकाश समोरच्या कपाटाच्या आरशावर आपटून थेट आईच्या एसीवर जात होता. अंजनाबाई रोज याच वेळी ताट घेऊन दार उघडायची. ताट हातात तसंच राहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी पांढराबोडीच्या वस्तीत अंजनाबाईच्या दारात उभा राहिलो. "चूक माझी होती. माझ्याच डबीची," एवढंच कसंबसं बोललो.

तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "आता दुपारी आईले वारा कोण घालते जी?"

"वारा?"

"एसी बंद झाली का सुरू कशी करू? रिमोट तर तुमी कुलपात ठेवून जात होते. मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसत होती, तुमी येईपर्यंत. आईनं सांगतलं नाही तुमाले?"

सांगितलं होतं. डाव्या हाताने.