भिंतीपलीकडचं काढ्याचं मडकं

मित्रांनो, मी एक जुनं, एका कानाचं काढ्याचं मडकं आहे. चीनमधल्या शान्शीच्या डोंगरातली माती, आणि बूड चुलीवर बसून बसून काळं झालेलं. माझ्यात कधी नूडल्स शिजल्या नाहीत. माझ्या वाट्याला आला तो फक्त कडू वास.

कुईफननं मला आणलं ते नवऱ्यासाठी. माओलिननं वीस वर्षं दगडखाणीत सुरुंगाची भोकं पाडली होती आणि ती सगळी धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली होती. गावचे वैद्य स्पष्टच म्हणाले, "दगड काही बाहेर निघायचा नाही. दम जरा मोकळा होईल, इतकंच. पण थंडी पडली की काढा सुरू करायचा. उशीर नको." दोन हिवाळे मी ज्येष्ठमध, जर्दाळूच्या बिया आणि कसल्या कसल्या साली उकळत राहिलो. माओलिन अंगणापर्यंत चालू लागला. लोक म्हणायचे, मडकं चांगल्या पायगुणाचं आहे. मी अगदी फुगून जायचो.

उन्हाळ्यात शेजारच्या शुयिंग काकूंना खोकला झाला, तेव्हा त्या मला मागून घेऊन गेल्या. आमच्याकडे काढ्याचं मडकं नेणारा ते परत आणून देत नाही. तसं करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी दुखणं पोचवणं. ज्याचं त्यानं येऊन न्यायचं. म्हणून मी काकूंच्या फळीवरच राहिलो.

थंडी पडली. भिंतीपलीकडून खोकला सुरू झाला. आज कुईफन येईल, उद्या येईल, असं म्हणत मी दाराकडे डोळे लावून बसलो. शेवटी काकूच भिंतीवरून ओरडल्या,

"कुईफन, मडकं ने की तुझं! माझ्या फळीवर काय अंडी उबवायला बसवलंयस त्याला?"

"राहू दे काकू. हे म्हणतात, मडकं घरात आलं की दुखणं आलंच. यंदा लागायचं नाही म्हणतात."

"आणि मग खोकतोय कोण? तुमचा बोकड?"

"मिरचीचा ठसका लागलाय, काकू!" माओलिन आतून म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ खोकत राहिला.

काकू मला रोज खाली काढायच्या, पुसायच्या, दारापर्यंत न्यायच्या आणि परत ठेवायच्या. "मी नेऊन दिलं आणि त्याला काही झालं, तर खापर माझ्याच डोक्यावर फुटेल," असं पुटपुटायच्या. एकोणीस दिवस असे गेले. माझा जीव नुसता तळमळत होता.

विसाव्या सकाळी खोकला थांबला. ऐकू येत होती ती फक्त शिट्टीसारखी घरघर. काकू मला काखेत मारून अनवाणी धावल्या. माओलिन खालून विस्तव घालून तापवलेल्या झोपायच्या ओट्यावर ओणवा बसला होता. ओठ निळे पडले होते.

"आणलंत? बरं झालं," तो म्हणाला. "मागायची... लाज वाटत होती."

काकू तालुक्याच्या दवाखान्यासाठी गाडी बघायला पळाल्या. कुईफननं चूल पेटवली. पहिल्या काढ्याचे त्यानं दोन घोट घेतले. तीच पाला-साल पुन्हा पाणी घालून उकळायची असते, म्हणून तिनं मला परत चुलीवर चढवलं. गाडी दारात आली तेव्हा काकू आत गेल्या, बाहेर आल्या आणि हात हलवून त्यांनी गाडी परत पाठवली.

कुईफन मात्र चुलीला वारा घालतच होती.

"अगं, पुरे आता," काकू रडत म्हणाल्या.

"दुसरा काढा व्हायचाय अजून," ती म्हणाली.

मित्रांनो, दुखणं लपवू नका, मागायला लाजू नका. आणि भिंतीपलीकडून कुणाचा खोकला ऐकू आला, तर तो मागायला येईल म्हणून वाट बघत बसू नका. आमच्या दोन दारांत पंधरा पावलांचं अंतर होतं. मला पाय नव्हते. तुम्हाला आहेत.