अडतीस छातीचा कोट

आमच्या जुन्या बाजाराच्या रस्त्यावर एकूण एकतीस दुकानं. त्यांतल्या अकरांना कित्येक वर्षं कुलूप, चारांत नुसता माल पडून, आणि उरलेल्या सोळांत गिऱ्हाइकांपेक्षा मालकांच्याच गप्पा जास्त. हे आकडे माझे आहेत. बाइंडिंगच्या धंद्यात गोंद वाळेपर्यंत हात रिकामे असतात, मग समोरचा रस्ता मोजायची सवय लागते. या सवयीपायी बाजार समितीने मला चिटणीस करून टाकलं.

यंदा नगरपालिकेने हा रस्ता पुन्हा नांदता करायचं मनावर घेतलं. दुकानांचे जुने दर्शनी भाग पत्र्यांखालून मोकळे करायचे, कोपऱ्यावरच्या इमारतीची ढासळलेली दगडी कमान होती तशी उभी करायची आणि पायवाट रुंद करायची. नियम अगदी सोपा ठेवला होता. पायवाटेवर पुढे आलेली वस्तू पन्नास वर्षांहून जुनी असेल तर ती वारसा, ती राहणार. त्याहून नवी असेल तर अडथळा, ती जाणार. वस्तू एकोणपन्नास वर्षांची निघाली तर काय, असं मी विचारलं होतं. बाई, म्हणजे नगरपालिकेच्या इंजिनिअर, म्हणाल्या, "तर तिचं नशीब."

समोरचे शिंपीमास्तर तेव्हापासून झोपेला मुकले. त्यांचं दुकान सहा फूट रुंद. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, एक आरसा आणि पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा. तिसरं माणूस आत आलं की पहिल्या दोघांनी पोट आत घ्यायचं. त्यामुळे दारापुढची दगडी बैठक हीच त्यांची बसायची खोली. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या तिथे टेकतात, आणि बायकोबरोबर आलेले नवरेही. नवरे बाहेर बसतात म्हणून आत बायका मनासारखं कापड शिवायला टाकतात. बैठक गेली तर नवरे आत येतील आणि मास्तरांना वर्षभरात कुलूप लावावं लागेल, हा माझा हिशेब. कुलपं बारा झाली असती.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर रस्ता ओलांडून आले. हातात एक जाडजूड वही, पाठ उसवलेली.

"वडिलांची मापाची वही. जरा शिवून द्या."

"आत्ता वहीचं सुचतंय तुम्हाला?"

"खूण घातलेलं पान बघा."

पानावर थोरल्या मास्तरांचं टपोरं अक्षर होतं. छाती अडतीस, कंबर तीस, बाही चोवीस, खांदा डावा किंचित खाली. आणि त्याखाली: लग्नाचा कोट एक, बदल्यात दारापुढे दगडी बैठक बांधून घेणे. तारीख एक्कावन्न वर्षांपूर्वीची.

"मास्तर, सुटलात की तुम्ही. उद्या हे बाईंच्या पुढ्यात ठेवा."

"कोट कोणाचा ते वाचा."

मी वाचलं आणि वही मिटली. कोट गवंडीकाकांचा होता.

गवंडीकाका कमानीच्या कामावर मुख्य गवंडी म्हणून लागले होते. पालिकेची अट होती, पासष्टच्या पुढच्या माणसाने बांबूंच्या परांचीवर चढायचं नाही. काकांनी अर्जात वय लिहिलं त्रेसष्ट आणि दाखला नंतर देतो म्हणाले. नंतर काही उजाडलं नाही. खरं वय बाहत्तर, हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं. फक्त पालिकेच्या कागदाला माहीत नव्हतं. अर्ज माझ्याच हातून गेला होता, त्यामुळे मीही फार मान वर करून बोलू शकत नव्हतो.

"त्रेसष्टातून एक्कावन्न गेले," मी म्हणालो, "म्हणजे काका बाराव्या वर्षी बोहल्यावर चढले. अडतीस छाती घेऊन."

मास्तरांना हसू आलं नाही. "त्या कमानीसाठी ते किती वर्षं थांबलेत ठाऊक आहे ना? त्यांच्या वडिलांनी बांधलेली. शेवटचा दगड आपल्या हाताने बसवायचा म्हणतात. मी वही दाखवली की ते खाली उतरले."

"आणि नाही दाखवली की तुम्ही गेलात."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुम्ही काहीतरी सांगा."

मी वही शिवून दिली.

पण बाजारात भिंतींना नुसते कान नसतात, पायही असतात. संध्याकाळी काका चुन्याच्या हातांनीच मास्तरांच्या दारात हजर. मागे काकू.

"वही सापडली म्हणे," काका म्हणाले.

"कसली वही?"

"तुझ्या बापाला खोटं बोलता येत नव्हतं, तुलाही येत नाही. दाखवणार आहेस उद्या?"

"नाही."

"का नाही? माझ्यावर उपकार नकोत तुझे."

"मग दाखवतो."

"दाखवून तर बघ."

काकू बैठकीवर टेकल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, घरी आठ दिवस हेच चाललंय. रात्री गुडघ्याला शेक घेतात आणि सकाळी त्रेसष्टचे होऊन निघतात."

"तू गप्प बस."

"मी गप्पच आहे. गुडघे बोलतात."

तेवढ्यावर ती सभा उठली. काय ठरलं म्हणाल तर काहीच नाही.

सकाळी दहाला बाई आल्या. हातात टेप आणि यादी. बरोबर मी, माझी नोंदवही घेऊन. कोपऱ्यावरून काकाही खाली उतरून आले होते; सहज आलोय असं दाखवत, पण मास्तरांच्या टेबलावरून नजर न काढता.

"बैठक पायवाटेवर दोन फूट पुढे," बाई म्हणाल्या. "जुनी असल्याचा काही कागद?"

मास्तरांनी टेबलावरच्या कापडाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. वही त्याखाली होती, तिचा नवा कणा मला दिसत होता. त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही सापडला, बाई."

खोटं बोलताना माणूस इतका सरळ उभा राहिलेला मी दुसरा पाहिला नाही.

बाई वाकल्या. दगडांच्या सांध्यावरून नख फिरवलं, टेपची पातळ पट्टी सांध्यात घालून पाहिली. पट्टी गेली नाही. कडेवरून तळहात फिरवला.

"कागद असता तरी अवघडच होतं," त्या म्हणाल्या. "हे अलीकडचं काम आहे. फार तर पंचवीस वर्षं. कडा इतक्या सरळ म्हणजे दगड यंत्रावर कापून आणलेत."

मग मागून आवाज आला.

"कशावर?"

बाईंनी वळून पाहिलं. "यंत्रावर, काका."

"यंत्रावर," काका म्हणाले. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "एकवीस दिवस लागले मला या बैठकीला. छिन्नी आणि हातोडा. डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते आजतागायत नीट आलेलं नाही. हे बघा. यंत्राला नख असतं का?"

"तुम्ही बांधलीत? कधी?"

काका थांबले. पुढचं उत्तर कुठे जाऊन पोचतं ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. कोपऱ्यावरच्या परांचीकडे त्यांनी एकदा पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मास्तरांना म्हणाले, "काढ ती वही."

"काका, राहू द्या."

"काढ म्हणतो ना. माझ्या हाताचं काम यंत्राच्या नावावर जायला मी अजून मेलो नाही."

बाईंनी पान दोनदा वाचलं. तारीख बोटाने टिपली. मग स्वतःच्या यादीतली मागची पानं उलटली, जिथे कामगारांची वयं होती, आणि काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाराव्या वर्षी छाती अडतीस?"

"अंगाने थोराड होतो," काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

बाईंनी माझ्याकडेही पाहिलं. मी नोंदवहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

"बैठक राहील," बाई म्हणाल्या. "काका, तुम्ही मात्र उद्यापासून वर दिसायचं नाही. वरून पडलात तर तुमचं जाईल ते जाईलच, माझी नोकरीही जाईल. पण कमानीचे दगड सगळे खालीच घडायचेत, आणि असा सांधा बसवणारा माणूस वरच्या तिघांत एकही नाही. खालचं काम तुमच्या हुकमात. खरं वय लिहून सही करा."

"शेवटचा दगड?"

"घडवाल तुम्ही. बसवतील ते."

काकांनी सही केली. बाहत्तरचा आकडा त्यांनी इतका बारीक काढला की मला तो पुन्हा गिरवावा लागला. मास्तर काहीतरी म्हणायला पुढे झाले, तर काका त्यांच्यावरच खेकसले, "आभार मानलेस तर बघ. बैठक माझी आहे, तू फक्त तिच्यामागे दुकान थाटलंयस."

दोन दिवस काका कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वरच्या गवंड्याने खाली वाकून विचारलं, "काका, चौथा दगड अर्धं सूत जास्त वाटतोय, घासू का?" आणि काका इतक्या मोठ्याने "हात लावशील तर" म्हणाले की रस्त्यावरची माणसं थांबली. दगड पुन्हा खाली आला, काकांनी त्याच्यावर हात फिरवला, पाव सूत काढलं आणि तो परत पाठवला. बसला. त्यानंतर विचारल्याशिवाय वर एकही दगड हलला नाही.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. इतकी वर्षं त्या परांचीखाली उभ्या राहून, मान मोडेपर्यंत वर बघत हाका मारायच्या. आज त्या काकांच्या शेजारी दगडांच्या ढिगावर बसल्या, डबा उघडला, आणि म्हणाल्या, "हात धुवा आधी." काका हात धुवायला गेले. उठताना गुडघा धरला, आणि कोणी बघतंय का हे पाहिलंसुद्धा नाही.