दोन ठोके आधी

रॉडनी पगने कमिटीत बसून गावच्या हॉलमधला शुक्रवारचा नाच बंद पाडला, त्याला अकरा वर्षं झाली. तो नाच चालवणारी विनिफ्रेड टॅपली तेव्हापासून त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. आज ती त्याच्याच कोठारात माईक धरून उभी होती, ती फक्त टॅम्सिनसाठी. रॉडनीची ही पोर सात वर्षांची असताना विनकडे नाच शिकायला यायची आणि तेव्हाच तिने बजावून ठेवलं होतं, "माझ्या लग्नात तूच पुकारायचंस हं, मावशी."

विन पुकारणार आणि पाहुणे नाचणार. कोणी कोणाचा हात धरायचा, कुठल्या जोडीने हातांच्या कमानीखालून जायचं, सगळं तिच्या तोंडून. श्रॉपशरमधली चाळीस वर्षांची लग्नं तिने अशीच नाचवली होती.

दोन नाच झकास झाले. तिसऱ्यासाठी ती रांगा लावून पावलं समजावत होती, तेवढ्यात सायडर ढोसलेला रॉडनी मंचावर चढला.

"किती शिकवशील? लोक लग्नाला आलेत, शाळेत नाही."

"एकदा नुसतं चालून बघितलं की कोणी चुकत नाही. तू खाली उतर."

"कोठार माझं, पोरगी माझी. आण तो माईक. चार ओळी ओरडायच्या, त्यात काय एवढं?" मग तो पाहुण्यांकडे वळला. "हिला स्वतःचा नवरा टिकवता आला नाही, आणि ही निघाली जोड्या लावायला."

काहीजण हसले. विनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने माईक त्याच्या हातात दिला. पुकारा ठोक्याच्या आधी करायचा असतो, दोन ठोके आधी, म्हणजे ऐकून पाय उचलायला वेळ मिळतो. नवखा माणूस हमखास ठोक्यावर ओरडतो. व्हायोलिनवाल्या अॅलनने तिच्याकडे पाहिलं. तिने हाताची घडी घातली.

पहिल्या फेरीत सगळे जरा मागे पडले. दुसऱ्या फेरीत निम्मे कमानीखाली शिरले आणि निम्मे परत फिरले. नवऱ्या मुलाची आत्या बदकन जमिनीवर बसली. टॅम्सिनची ओढणी कोणाच्या तरी बटणात अडकून टर्रकन फाटली. त्या गर्दीतून टॅम्सिनने मान वर करून विनकडे पाहिलं.

विनचा आवाज माईकशिवायही दारापर्यंत पोहोचायचा. एक हाक पुरली असती. पण रॉडनीचं लालबुंद, घामेजलेलं तोंड तिला अजून थोडं बघायचं होतं.

वाजवणं थांबलं. लोक आता रॉडनीला हसत होते. त्याने माईक खाली ठेवला. विनने हात पुढे केला, पण टॅम्सिन आधी पोहोचली.

"मावशी, तुला दिसत होतं सगळं."

"तुझ्या बापाने मला भर लग्नात..."

"बाबांचं मी बघेन. मी तुझ्याकडे बघितलं होतं."

टॅम्सिनने फाटकी ओढणी कंबरेला खोचली. बापाला आपल्या जागी नवऱ्यासमोर उभं केलं. "लावा रांगा," ती माईकवर म्हणाली. "आधी एकदा नुसतं चालून बघू."

मग अॅलनने वाजवायला सुरुवात केली आणि ती पुकारू लागली, बरोबर दोन ठोके आधी, विनच्याच शब्दांत, विनच्याच हेलात. एकाचाही पाय चुकला नाही. विन मंचाच्या कडेला सरकली. टॅम्सिनने तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही, आणि विनचे ओठ मात्र सवयीने हलत राहिले.